शेजारी वरचा मजला चढवतात तेव्हा

"शेजाऱ्यांनी वरचा मजला चढवायला घेतला आहे. आमचा उजेड जाणार, वारा अडणार. तक्रार केली तर वैर येईल आणि न केली तर जन्मभर चडफडत बसावे लागेल. काय करावे?" सोलापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न दर उन्हाळ्यात या ना त्या रूपात माझ्यासमोर येतो. जुळे सोलापूर, विजापूर रस्ता या भागांत ज्यांनी पूर्वी बैठी घरे बांधली त्यांची मुले आता लग्नाची झाली आहेत आणि नवा प्लॉट घेण्यापेक्षा गच्चीवर दोन खोल्या काढणे परवडते. इथला एप्रिल-मे चाळीस अंशांच्या वर जाणारा असल्यामुळे गच्ची ही रात्री अंथरूण टाकायची आणि दिवसा कुरडया वाळवायची जागा असते, त्यामुळे शेजारची भिंत उठण्याची चिंता खोटी नसते.

झोप लागत नाही, रक्तदाब वाढला आहे, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांनी सोबत शाळेची आखीव वही आणली होती. तीत तारीखवार नोंदी होत्या: आज सिमेंटची किती पोती उतरली, गवंडी किती वाजता आले, सेंट्रिंगच्या फळ्या आमच्या कंपाउंडला टेकवून ठेवल्या. मधेच एक ओळ होती, "अण्णांच्या सूनबाईंनी पाहून न पाहिल्यासारखे केले." अण्णा म्हणजे बांधकाम काढलेले शेजारी. पुण्याचा मुलगा फोनवर "नोटीस पाठव" म्हणत होता आणि घरात यजमान "जाऊ दे गं" म्हणत होते. पुण्यात बसून नोटिशीचा सल्ला देणे सोपे असते, कारण मध्यरात्री दवाखाना गाठायची वेळ आली तर ज्याला हाक मारायची तो शेजारी त्याचा नसतो, आईचा असतो.

मी त्यांना म्हणाले, "बाई, तुम्ही आयुष्यभर वह्या तपासल्या आहेत, ही पण तपासा. जी ओळ महापालिकेच्या अभियंत्यासमोर वाचता येईल तिच्याखाली निळी रेघ ओढा, बाकीच्यांखाली लाल." निळ्या रेघा तीनच मुद्द्यांखाली आल्या: नव्या खोलीची खिडकी थेट त्यांच्या न्हाणीघरासमोर येत होती, गच्चीची पन्हाळ त्यांच्या भिंतीवर पडणार होती आणि बाहेरचा जिना दोन घरांमधल्या सामासिक अंतरात, म्हणजे नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेत, घेतलेला दिसत होता. उरलेली वही लाल झाली. त्या लाल ओळींचा अर्थ एकच होता, की इतक्या वर्षांच्या शेजारात आपल्याला एका शब्दाने सांगितले नाही आणि दारात वाळूचा ढीग पडला तेव्हा कळले.

हे दोन रंग वेगळे ठेवावे लागतात. लाल रंगाचे दुःख तक्रारअर्जात घातले तर अधिकारी ते वाचत नाहीत आणि शेजारी मात्र विसरत नाहीत. याउलट निळ्या रंगाची बाब "संबंध बिघडतील" म्हणून गिळली तर ती पुढे प्रत्येक पावसाळ्यात ओलीबरोबर वर येते.

उजेडाबाबत वकिलांनी त्यांना जे सांगितले ते अनेकांना ठाऊक नसते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार खिडकीतून येणाऱ्या उजेड-वाऱ्यावर हक्क सांगायला तो वीस वर्षे अखंड आणि बिनतक्रार उपभोगलेला असावा लागतो, आणि तेव्हाही तो भरीव प्रमाणात घटला तरच दाद मिळते. बाईंचे घर पंधरा-सोळा वर्षांचेच होते. शेजाऱ्याच्या गच्चीवरचे मोकळे आकाश हा तर कोणाचाच हक्क नाही. हे ऐकून त्या रडल्या, पण त्या आठवड्यापासून त्यांना थोडी झोप लागू लागली. लढता येणार नाही अशी एक गोष्ट यादीतून कमी झाली होती.

मग मी घाई करायला सांगितले, जे मी एरवी कधी सांगत नाही. विटकाम चालू असेपर्यंत खिडकी सरकवणे हे मिस्त्रीचे अर्ध्या दिवसाचे काम असते, परंतु स्लॅब पडून गिलावा झाला की तीच खिडकी इभ्रतीचा प्रश्न होते आणि पैसे ओतून बसलेला माणूस मागे सरत नाही. बाई यजमानांना घेऊन शेजारी गेल्या. आरोप न करता "अण्णा, नकाशा बघू द्या, आम्हाला तीनच गोष्टी विचारायच्या आहेत" असे म्हणायचे, एवढेच ठरले होते. अण्णा उलट चिडून म्हणाले, "साहेबांना मी पाडव्यालाच सांगितलं होतं की!" यजमानांना ते आठवत होते, घरात वाद नको म्हणून ते बोललेच नव्हते. माझ्याकडची पुढची दोन सत्रे अण्णांवर न होता यजमानांवर झाली, आणि खरे तर तीच अधिक महत्त्वाची होती.

परवानगी घेतलेली होती, मात्र जिना मंजूर नकाशात नव्हता. अण्णांनी तो आतून घेतला. खिडकीच्या जागी उंचावर व्हेंटिलेटर आला, पन्हाळीला जमिनीपर्यंत पाइप लागला. स्वयंपाकघरात आता दिवसाही दिवा लावावा लागतो, त्यावर उपाय निघाला नाही. सूनबाईंशी बोलणे अजून जेवढ्यास तेवढेच आहे.

प्रत्येक वेळी चर्चेचा सल्ला मी देत नाही. मंजुरी दाखवायला कोणी तयारच नसेल तर महापालिकेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ आणि ५४ खाली अनधिकृत बांधकामाला नोटीस देण्याचा व काम थांबवण्याचा अधिकार तिला आहे, आणि तो वापरायला सांगणे ही चुगली नव्हे. जुन्या पेठेतले एक गृहस्थ माझ्याकडे आले, त्यांच्या शेजाऱ्याने माळवदाच्या घराच्या दगडमातीच्या भिंतींवरच वर खोली बांधायला घेतली होती आणि सामाईक भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली होती. त्यांनाही शेजार तुटण्याचीच भीती होती. त्यांना मी सत्राची वेळ दिली नाही. भेगेचे फोटो घेऊन आजच महापालिकेत जा आणि एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला भिंत दाखवा, असे सांगितले. "मग ते पुन्हा बोलतील का हो आमच्याशी?" त्यांनी दारातून वळून विचारले. मी म्हणाले, "ते नंतर बघू. आज रात्री मुलांना त्या भिंतीकडे झोपवू नका."