जोडीदाराच्या देशातील पहिले वर्ष

तुम्हाला जोडीदाराच्या देशात येऊन तीनच महिने झाले आहेत आणि सुरुवातीचे अप्रूप ओसरून आता प्रत्येक गोष्टीचा वीट येऊ लागला आहे, हे ऐकून मला माझे पहिले वर्ष आठवले. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० साली या अवस्थेचे टप्पे मांडले होते. आधी भारावलेपण, मग चिडचीड आणि पुढे हळूहळू जम बसणे. त्यामुळे निर्णयच चुकला, असा निष्कर्ष इतक्यात काढू नका.

माझ्या मते खरा धोका परावलंबनाचा आहे. सासरच्या मंडळींत सगळे हसले की मीही क्षणभर उशिराने हसत असे आणि मग पती कानाशी कुजबुजून विनोदाचा अर्थ सांगत. पुढे बँकेचे पत्र असो वा डॉक्टरांची भेट, माझ्या वतीने तेच बोलू लागले आणि माझा आवाजच हरवला. म्हणून डॉक्टरांकडे जोडीदाराला शेजारी बसू द्या, पण पहिले वाक्य, मोडकेतोडके का होईना, तुम्ही बोला. त्यांच्यासाठी हे घरच असल्याने तुमचा एकटेपणा त्यांना आपणहून दिसणार नाही. तो शांतपणे, स्पष्ट शब्दांत सांगावा लागतो.

बँकेत स्वतःच्या नावाचे खाते उघडा आणि निवास परवान्याच्या मुदतीची नोंद स्वतःजवळ ठेवा. पदवी व जन्मदाखला तिथे वापरायचा असेल आणि दोन्ही देश १९६१च्या हेग करारात असतील, तर त्यांवर सहसा मूळ देशातूनच अपॉस्टिल, म्हणजे कागदावरील सही-शिक्का खरा असल्याचे सरकारी प्रमाणपत्र, करून घ्यावे लागते, तेव्हा मायदेशाच्या पुढच्या भेटीत ते काम आधी उरका.