गुहावासी, गुहाप्रेमी की गुहाबद्ध?

विचारणा अशी आहे: नैसर्गिक गुहांमधल्या कोळ्यांवर लेख लिहिताना ‘ट्रोग्लोबाइट’साठी ‘गुहावासी’ हा शब्द चालेल का, आणि या कोळ्यांना ‘आंधळे कोळी’ म्हणावे का?

‘गुहावासी’ चुकीचा नाही, पण ढिला आहे. गुहेत जो दिसला तो गुहावासी, एवढेच त्यातून कळते. गुहेतल्या जीवांचे शास्त्र मात्र वेगळाच प्रश्न विचारते: हा प्राणी गुहेबाहेर आपला वंश चालवू शकतो का? जीवशास्त्रज्ञ शिनर यांनी 1854 मध्ये आणि पुढे राकोवित्सा यांनी 1907 मध्ये जी विभागणी रूढ केली, तिच्यात तीन गट आहेत. ट्रोग्लोबाइट म्हणजे ज्याचे सगळे आयुष्य गुहेतच जाते आणि जो बाहेर तगत नाही. ट्रोग्लोफाइल गुहेत सुखाने राहतो, पिल्लेही वाढवतो, पण त्याला बाहेरचे जगही चालते. ट्रोग्लोक्सीन येतो-जातो. तिघांनाही ‘गुहावासी’ म्हटले तर लेखाचा मुद्दाच हरवतो. माझी निवड अनुक्रमे गुहाबद्ध, गुहाप्रेमी आणि गुहापाहुणा अशी आहे. ‘वचनबद्ध’मुळे ‘बद्ध’ आपल्या कानाला ओळखीचा आहे आणि सुटता न येणे त्यात नेमके येते. ग्रीक ‘क्सेनॉस’मध्ये परका आणि पाहुणा दोन्ही अर्थ असल्याने तिसरा शब्दही बसतो.

ही कसोटी किती कामाची आहे ते युरोपातल्या मेटा मेनार्डी या कोळ्यावरून दिसते. गुहेच्या तोंडाशी, जिथे उजेड विरत जातो, तिथे हा हमखास भेटतो. मादी थेंबाच्या आकाराची पांढरी अंडकोशी धाग्याने छताला टांगते. प्रौढ कोळी उजेड टाळतात, पण पिल्ले उजेडाकडे ओढली जातात, बाहेर पडतात आणि धाग्याच्या आधाराने वाऱ्यावर पांगतात. इंग्रजीत याला सर्रास ‘गुहेतला कोळी’ म्हणतात. तरी ज्याच्या पिल्लांना बाहेरचा वारा लागतो तो गुहाबद्ध नव्हे, गुहाप्रेमी.

गुहाबद्ध कोळी पाहायचा तर हवाईतल्या काउआई बेटावर. तिथल्या कोलोआ भागात लाव्हारसाच्या नळ्या थंड होऊन पोकळ राहिल्या आहेत. त्यांत अ‍ॅडेलोकोसा अ‍ॅनॉप्स हा लांडगा कोळी राहतो. फ्रान्सिस होवार्थ यांना तो 1971 मध्ये आढळला, 1973 मध्ये गर्ट्श यांनी त्याचे वर्णन केले. लांडगा कोळ्यांचे कुळ मोठ्या डोळ्यांसाठी ओळखले जाते. त्या कुळातल्या या जातीला डोळेच नाहीत आणि ‘अ‍ॅनॉप्स’चा अर्थही तोच. हा जाळे विणत नाही, स्पर्श आणि गंध यांवर शिकार हेरतो. मादी एका वेळी 15 ते 30 अंडी घालते. उघड्यावरच्या लांडगा कोळ्यांच्या मानाने ही संख्या फारच कमी आहे, पण अंड्यांतून निघणारी पिल्ले मोठी असतात. अन्न तुटपुंजे असेल तिथे थोडी पण दणकट पिल्ले तगतात.

आणि अन्न खरेच तुटपुंजे असते. उजेड नाही म्हणून हिरवी वनस्पती नाही. जे येते ते वरून झिरपते. कोलोआत ते झाडांच्या मुळांमधून येते. मुळे नळीच्या छतातून खाली उतरतात, कुजतात, त्यांवर एक रंगहीन अ‍ॅम्फिपॉड (कोळंबीचा दूरचा नातलग) जगतो आणि त्यावर हा कोळी. हवेतला ओलावा जरा कमी झाला तरी कोळ्याचे शरीर सुकते. म्हणून वरची झाडे तोडली किंवा जमीन फरशीने झाकली की खालची साखळी तुटते. 2000 मध्ये अमेरिकेने या दोन्ही जातींना संकटग्रस्त ठरवले. ‘गुहाबद्ध’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो तो यामुळेच: या प्राण्याला दुसरी जागा नाही, हे वाचकाला शब्दातूनच कळायला हवे.

आता ‘आंधळा’. तो मी वापरणार नाही. आंधळा म्हटले की उणीव आली, अपघात आला. इथे डोळे पिढ्यानपिढ्या गेले आहेत आणि प्राण्याचे काही अडत नाही. ‘बिनडोळ्यांचा कोळी’ हे साधे मराठी पुरेसे आहे. डोळे असूनही बारीक झालेले असतील तर तसेच लिहावे. लाओसमधल्या सिनोपोडा या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) दोन्ही प्रकार सापडतात; पीटर येगर यांनी 2012 मध्ये वर्णन केलेल्या सिनोपोडा स्कुरिऑनला एकही डोळा नाही.

आणखी एक सावधगिरी, जी विचारणेत नव्हती. मथळ्यात नुसते ‘गुहावासी कोळी’ छापू नका. आपल्याकडे कोळी हा समाजही आहे आणि सह्याद्रीत महादेव कोळी राहतात. त्यांच्याविषयी काही वावगे लिहिल्यासारखे ते वाचले जाईल. पर्याय म्हणून ‘कोळीकीटक’ नको, कारण आठ पायांचा प्राणी कीटक नसतो. ‘कोळ्यांच्या गुहाबद्ध जाती’ अशी रचना केली की अडचण उरत नाही. जागेसाठी ‘लेणी’ही नको, ती माणसाने कोरलेली असतात. ‘गुहा’ किंवा ‘घळ’ योग्य.

गुहाबद्ध आणि गुहाप्रेमी यांच्या सीमेवरचे एक उदाहरण ताजे आहे. अल्बानिया आणि ग्रीस यांच्या हद्दीवर गंधकाच्या झऱ्याची एक गुहा आहे. तिथे सुमारे 106 चौरस मीटर पसरलेल्या जाळ्यात लाखाहून अधिक कोळी राहतात, असे 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. तिथली अन्नसाखळी सूर्यावर नाही, गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंवर चालते. त्या जाळ्यातल्या दोन जातींपैकी टेगेनेरिया डोमेस्टिका ही घराच्या कोपऱ्यात सापडणारी आणि प्रिनेरिगोनी वेगन्स हीसुद्धा बाहेर आढळणारी. म्हणून आज दोघींना गुहाप्रेमी म्हणावे लागेल. पण गुहेतले हे कोळी जनुकीयदृष्ट्या बाहेरच्या भाईबंदांपासून वेगळे पडू लागल्याचेही त्याच अभ्यासात दिसले, तेव्हा त्यांच्याविषयी लिहिताना जातीच्या नावाबरोबर ‘गुहेतला समूह’ असे स्पष्ट लिहावे.