उजेडाच्या गोष्टी : वाचकांचे प्रश्न, फोटोवाल्या काकांची उत्तरे

प्रश्न : काका, मी कोरेगावची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा भावाने लॅपटॉपवर १९४७चा 'ब्लॅक नार्सिसस' दाखवला. हिमालयात मठ काढणाऱ्या नन्सची गोष्ट. भाऊ म्हणतो, त्यातला हिमालय खोटा आहे. कॅमेरामन जॅक कार्डिफ. हेच नाव 'रॅम्बो'च्या दुसऱ्या भागातही दिसतं, पण तो कुणी दुसराच असणार म्हणे. खरं काय? आणि गणितात माझी बोंब आहे. कॅमेऱ्याच्या वाटेला जाऊ, की घरचे म्हणतात तसं बी.एड. करू?

उत्तर : हिमालयाचं भाऊ बरोबर सांगतोय. अगं, या सिनेमासाठी मंडळी भारतात आलीच नाहीत. लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत मठ उभा केला, झाडीचा थोडा भाग ससेक्समधल्या एका बागेत उरकला. खिडकीबाहेरचे डोंगर म्हणजे मोठे केलेले काळे-पांढरे फोटो, त्यांवर रंगीत खडू फिरवलेले. कड्यावर घंटा वाजवणारी नन आठवते ना? तिच्या पायाखालची ती खोल दरी पर्सी डे या चित्रकारानं रंगवलेली. गंमत अशी, की कार्डिफ स्वतः युद्धाआधी माहितीपट करायला भारतात येऊन गेला होता. इथलं ऊन त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

पण रंगवलेला डोंगर खरा वाटतो तो उजेडामुळे. पुन्हा बघशील तेव्हा गोष्ट सोड आणि सावल्या बघ. दिवसाच्या खोल्यांत उजेड एका बाजूनं, थंड, खिडकीतून आल्यासारखा. हे त्यानं व्हर्मीर या डच चित्रकाराकडून उचललं. पुढे ती एक नन बिथरते, ओठांना लाली लावते, तिथे व्हॅन गॉगच्या चित्रांतला लाल-हिरवा शिरतो. सावली काळी न ठेवता तिच्यात रंग भरायचा, हे त्या काळी धाडसच. त्या सिनेमाच्या रंगीत छायाचित्रणाबद्दल त्याला ऑस्कर मिळालं.

आता गणित. कार्डिफचा जन्म १९१४चा, ग्रेट यारमथचा. आईबाप गावोगाव खेळ करणारे कलावंत, त्यामुळे शाळा सारखी बदलायची. आपल्या तमाशा फडावरच्या पोरांचं व्हायचं तसंच. लहानपणी सिनेमात कामं केली, मिसरूड फुटायच्या आधी स्टुडिओत हरकाम्या झाला. १९३६मध्ये टेक्निकलरवाले, म्हणजे रंगीत सिनेमाचं तंत्र काढणारी कंपनी, इंग्लंडमधला एक कॅमेरामन निवडून त्याला ते शिकवणार होते. बाकीच्यांना तांत्रिक प्रश्नांनी घाम फोडला. यानं सरळ सांगितलं, तांत्रिक बाजूत मी कच्चा आहे, पण चित्रकारांचा उजेड मी न्याहाळतो. मग विचारलं, रेम्ब्रांट चेहऱ्याच्या कोणत्या बाजूनं उजेड घेतो? यानं अंदाजानं ठोकून दिलं. निवड त्याचीच झाली.

यावरून गणिताची वही माळ्यावर टाकू नकोस. टेक्निकलरचा तो कॅमेरा एकाच वेळी तीन फिल्मींवर चित्र घेई, आत प्रिझम, आणि उजेड इतका लागे की सेटवर नटांचं पाणी पाणी होई. किती दिवे, कुठून, लेन्सचं भोक किती उघडायचं, हे त्याला रोज काढावंच लागलं. ते कामावर अंगवळणी पडतं. नजर मात्र आधी हवी. 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ'मध्ये समुद्रकाठी धुकं पाहिजे होतं, तर यानं लेन्सवर तोंडाची वाफ सोडली. ती विरत गेली आणि दृश्य आपोआप उघडलं. खर्च शून्य!

रॅम्बोच्या बाबतीत भाऊ चुकला. तोच हा माणूस, सत्तरीचा. मधल्या काळात 'द रेड शूज' झाला, आफ्रिकेत जाऊन 'द आफ्रिकन क्वीन' झाला, दिग्दर्शनही केलं. २००१ला मानद ऑस्कर मिळालं, २००९ला गेला. मला विचारशील तर 'रॅम्बो' नाही पाहिलास तरी चालेल.

तू एवढं कर. कोरेगावहून औंध काही लांब नाही. यमाईच्या वाटेवर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८मध्ये संग्रहालय उभारलं आहे. बरेच जण देवदर्शन उरकून घाईघाईनं त्यातून फिरून जातात. तू एकाच रविवर्म्यापुढे अर्धा तास उभी राहा. नाकाची सावली कुठे पडलीय, उजेड किती उंचावरून आलाय, अंधाऱ्या गालावर थोडा तरी रंग आहे का, हे वहीत लिही. मग घरी आजीला दाराशी बसव, दिवा बंद, सकाळी एक आणि तिन्हीसांजेच्या आधी एक, असे मोबाइलवर फोटो काढ. चेहऱ्याची अंधारी बाजू फारच काळी आली, तर त्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता धर. मेणवलीच्या घाटावर शूटिंग असलं की लोक हिरोईनकडे बघतात. मी तक्ता धरणाऱ्या पोराकडे बघतो.

बी.एड.चं आत्ताच ठरवायची घाई नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रणाला कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण पदवी लागते. तेव्हा आधी बी.एस्सी. नीट पूर्ण कर, आणि आजीचे ते दोन फोटो मला पाठव.