बोअरचं पाणी, काळी मेंदी आणि जट : केसांविषयी वाचकांचे प्रश्न

उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्या, म्हणजे पुढचं बरंचसं आपोआप कळेल. केसाचं मूळ टाळूच्या आत जिवंत असतं; बाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला जपता येतं, पण एकदा दुभंगला की सांधता येत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षांचं असतं आणि तेवढी वर्षं त्यानं ऊन, पाणी, कंगवा सोसलेला असतो. बाटलीवर ‘रिपेअर’ लिहिलेलं असलं तरी तो वरचा लेप असतो, चार धुण्यांत उतरतो.

ताई, लग्नानंतर बेळगावहून अथणीला आले. माहेरी नळाचं पाणी होतं, इथं बोअर. सहा महिन्यांत केस खराट्यासारखे झाले, नीट फेस येत नाही आणि गळतात तर विचारू नका. पाणी बदललं की असं व्हायचंच का? — गृहिणी, अथणी

पाण्याचा दोष आहे, पण सगळाच पाण्याचा आहे का ते आधी तपासा. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं. धरणाचं पाणी बोअरच्या मानानं सहसा मऊ असतं. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसावर बसतात. केस खरखरीत होतो, गुंततो आणि विंचरताना तुटतो.

परीक्षा घरातच होते. पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा चिमूटभर चुरा टाका, झाकण लावून हलवा. वर भरपूर फेस आणि खाली स्वच्छ पाणी दिसलं तर पाणी मऊ. फेस नावापुरता आणि पाणी दुधट, त्यात चोथ्यासारखे कण, तर पाणी जड. शांपू टाकून ही परीक्षा करू नका, शांपू जड पाण्यातही थोडाफार फेसतो. तो चोथा केसांतही अडकतो, म्हणून डोक्याला अंगाचा साबण लावणं आजच बंद करा.

आता गळतीचं. कंगव्यातले केस पांढऱ्या कागदावर ठेवून उजेडात पाहा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर केस मुळापासून आला आहे. असे दिवसाला ५० ते १०० केस जाणं नेहमीचंच. गाठ नसलेले, लांडे-लांब तुकडे असतील तर केस तुटतो आहे, गळत नाही. जड पाणी केस तोडतं, मुळातून उपटत नाही. गाठीचे लांब केस मूठमूठ येत असतील तर पाण्याला दोष देत बसू नका. टायफॉइड, डेंग्यूसारखा ताप, बाळंतपण किंवा एकदम उतरलेलं वजन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी अशी गळती सुरू होते. डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या.

केस तुटत असतील तर धुणं बोअरच्या पाण्यानंच होऊ द्या, फक्त शेवटचे दोन तांबे फिल्टरचे किंवा पावसाच्या पाण्याचे घ्या. पावसाच्या दोन-चार सरींनी पत्रे धुऊन निघाले की पुढचं पाणी फडक्यातून गाळून घागरीत भरा. आठवड्यातून एकदा एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, पांढरं व्हिनेगर घालून ते केसांच्या लांबीवर ओता, मिनिटभर थांबा आणि साध्या पाण्यानं धुवा. व्हिनेगर वाढवल्यानं गुण वाढत नाही, टाळू मात्र चुरचुरते. पंधरा दिवसांतून एकदा साठलेले क्षार काढणारा ‘क्लॅरिफाइंग’ किंवा ‘किलेटिंग’ शांपू वापरा. कंडिशनर प्रत्येक धुण्यानंतर, कानाच्या खालच्या केसांनाच. पाणी उकळल्यानं थोडा क्षार भांड्याच्या तळाला बसतो, सगळा जात नाही; तेवढ्यासाठी गॅस जाळू नका.

शिकेकाईचा साबणासारखा चोथा होत नाही. पण भुकटी थेट चोळली तर ओला केस घासला जातो. दोन मोठे चमचे शिकेकाई आणि चार-पाच रिठे रात्री भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा, गाळा आणि फक्त ते पाणी वापरा.

दर तीन आठवड्यांनी पुडीतली काळी मेंदी लावते. अर्ध्या तासात केस काळेभोर होतात. या खेपेला कानामागं खाज सुटली, दुसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या. मेंदी तर झाडाची असते ना? — वाचक, निपाणी

मेंदीचं पान केसाला नारिंगी ते तांबूस रंग देतं, काळा कधीच देत नाही. अर्ध्या तासात काळा रंग येतो तो बहुधा पीपीडी या रसायनामुळे, पुडीवर पानाचं चित्र असलं तरी. तुमची लक्षणं पीपीडीच्या ॲलर्जीची वाटतात. डॉक्टरांना दाखवा आणि ती पुडी पुन्हा उघडू नका. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही आणि पुढच्या वेळची सूज अनेकदा आधीपेक्षा जास्त असते. घसा आवळल्यासारखा वाटला, श्वास लागला तर उशीर न करता दवाखाना गाठा. ‘अमोनिया नाही’ म्हणजे पीपीडी नाही, असं समजू नका.

काळ्याच्या जवळ जायचं तर मेंदी आणि नीळ असे दोन टप्पे आहेत. नीळ म्हणजे नीळीच्या पानांची पूड, कपड्यांना घालतात ती नव्हे. पाकिटावर एकच घटक लिहिलेला हवा : मेंदीवर लॉसोनिया इनर्मिस, निळीवर इंडिगोफेरा टिंक्टोरिया. कोपराच्या आतल्या बाजूला थोडीशी लावून ४८ तास वाट पाहा.

खांद्यापर्यंतच्या केसांना १०० ग्रॅम मेंदी कोमट पाण्यात दह्याइतकी घट्ट कालवा आणि आठ तास झाकून ठेवा. केस तेल नसलेले, धुऊन वाळवलेले हवेत. तेलकट केसावर रंग धरत नाही, पांढरे तिथेच उठून दिसतात. मेंदी दोन-तीन तास ठेवून नुसत्या पाण्यानं धुवा. मग १०० ग्रॅम नीळ कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवा, पंधरा मिनिटांत लावायला घ्या. इथंच बहुतेकजणी चुकतात : मेंदीसारखी नीळही रात्रभर भिजवतात आणि सकाळी तिच्यात रंगच उरलेला नसतो. तास-दीड तासानं धुवा, दोन दिवस शांपू नको. पहिल्या दिवशी हिरवट झाक दिसली तर घाबरू नका, हवा लागून ती गडद होते. एवढं करूनही कुळकुळीत काळा येणार नाही, गडद तपकिरी येईल, आणि चेहऱ्याला तोच जास्त शोभतो.

भावाचं लग्न पंधरा दिवसांवर आलं आहे. केस कुरळट आहेत. पार्लरमध्ये ते सरळ, गुळगुळीत करायला केराटिन किंवा रिबाँडिंग सुचवतात. आई महिन्याला काळी मेंदी लावून देते, चालेल ना? — महाविद्यालयीन विद्यार्थिनी, टिळकवाडी

नको. काही काळ्या मेंद्यांत धातूंचे क्षार असतात. रिबाँडिंगमध्ये एका क्रीमनं केसातले बंध तोडतात, केस सरळ करतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडनं ते बंध पुन्हा बसवतात. पेरॉक्साइड आणि धातूचा क्षार एकत्र आले की केस तापतो, वितळल्यासारखा मऊ होऊन तुटतो. पार्लरला आधी कंगव्यातल्या केसांवर चाचणी करायला सांग : २० मिली सहा टक्के पेरॉक्साइड, त्यात १ मिली अमोनिया, त्यात केस अर्धा तास. भांडं गरम झालं, बुडबुडे आले किंवा केसाचा रंग बदलला तर कुठलंही रसायन लावायचं नाही. चाचणी करायला नकार देणाऱ्या पार्लरमध्ये बसू नकोस.

केराटिनच्या नावाखाली बरंच काही विकलं जातं. काही मिश्रणं गरम इस्त्रीखाली फॉर्मल्डिहाइड सोडतात. डोळे झोंबतात, घसा खवखवतो ते त्यामुळे. काहींत ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं. अशा क्रीमनंतर मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदी इस्राएल आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. आणि इतकं करून परिणाम टिकतो तीन-चार महिने.

शिवाय लग्नात आंबाडा घालायचा, गजरा माळायचा, तर नुकतेच गुळगुळीत केलेले केस त्याला सगळ्यांत वाईट. आकडे सरकतात, आंबाडा जेवणाच्या पंगतीपर्यंत मानेवर येतो. कुरळट केस पिन धरून ठेवतात, ही तुझी जमेची बाजू आहे. दहा दिवस आधी टोकं अर्धा इंच काप. केस लग्नाच्या आदल्या दिवशी धू, त्याच सकाळी नको. मुळांना कंडिशनर लावू नकोस. कपाळावरच्या उडणाऱ्या बटांना बोटाच्या टोकावर मावेल एवढीच जेल पुरे.

माझ्या पुतणीच्या (वय १४) मानेवर केसांचा गुंता झालाय, दोन महिने झाले. आजी म्हणते यल्लम्माची जट आहे, हात लावायचा नाही, सौंदत्तीला न्यायची. मला फार भीती वाटते. सोडवता येईल का? — काकू, चिकोडी तालुका

येईल, आणि या आठवड्यातच हात घाला.

रोज गळणारे ५०–१०० केस विंचरताना निघून जातात. तापात किंवा परीक्षेच्या दिवसांत आठ-दहा दिवस विंचरलं नाही की ते आतच अडकतात. मानेवर उशी आणि ओढणी घासते, तेल नि धूळ बसते. मग कुणीतरी ‘हात लावू नका’ म्हणतं, वर भंडारा पडतो, धुणं थांबतं आणि गुंता घट्ट होत जातो. जट दिवसेंदिवस वाढते ती न विंचरल्यामुळे, दुसरं कारण नाही. सौंदत्तीला दर्शनाला जायला कुणाची आडकाठी नाही. पण जट आली म्हणून मुलीला देवीला सोडणं हा कर्नाटकात गुन्हा आहे, १९८२ साली देवदासी समर्पण प्रतिबंधक कायदा त्यासाठीच झाला. घरात तसा विषय निघालाच तर १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीला फोन करा.

आजींशी भांडू नका. त्यांना जवळ बसवून गुंत्याखाली बोट घालायला सांगा. आत टाळू किती ताणली आहे, पोर कशी कळवळते, ते त्यांच्याच हाताला कळू द्या.

आधी टाळू पाहा. पू, जखम असेल तर डॉक्टर पहिले. नसेल तर केस धुऊ नका, पाण्यानं गुंता आणखी आवळतो. १०० मिली खोबरेल कोमट करून गुंता आतपर्यंत भिजवा, दोन-तीन तास मुरू द्या. मग मोकळे केस चिमट्यांनी बाजूला बांधा. गुंत्याच्या कडेपासून बोटांनी करंगळीएवढी बट वेगळी करा. ती डाव्या हातात मुळाशी घट्ट धरा, म्हणजे ओढ टाळूला लागणार नाही. खालच्या टोकापासून, अर्धा-अर्धा इंच वर सरकत, शेपटीच्या कंगव्याच्या टोकानं केस सुटे करा. मोठ्या दातांचा कंगवा शेवटी. मुळाकडून विंचरलं तर गाठ खाली ढकलली जाऊन आणखी घट्ट होते, सगळे इथंच चुकतात. पुंजके हातात येतील, ते आधीच गळलेले केस आहेत. एका बैठकीला तासभरच. पोरीची मान अवघडते. सुटलेल्या भागाची लगेच सैल वेणी घाला. तीन-चार दिवसांत काम होतं. मग शांपूनं दोनदा, न चोळता दाबून दाबून धुवा आणि भरपूर कंडिशनर लावा.

गाठ मधेच दोरासारखी कडक लागली तर बारीक कात्रीनं टाळूकडून टोकाकडे, उभी चीर द्या. आडवं कापलं तर सगळी लांबी जाते, उभं चिरलं तर बरीच वाचते. वर्षानुवर्षांची जट मात्र कापावी लागते. टाळू आणि जट यांच्यामध्ये कंगवा सरकवा, कात्री कंगव्याच्या वरून चालवा, एक-दोन सेंटिमीटर केस ठेवा. वस्तरा नको. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरच्यांना समजावून, संमतीनं जटा काढतात. आजी अगदीच ऐकत नसतील तर त्यांची मदत घ्या. पुढं दिवसातून दोनदा विंचरणं आणि झोपताना सैल वेणी, एवढं पुरतं.

सलूनमध्ये फेड (बाजूचे केस खाली अगदी बारीक, वर हळूहळू लांब) मागतो, दर वेळी वेगळाच होतो. काय सांगावं? — वाचक, खानापूर

फोटोबरोबर आकडे सांग. मशीनचा एक नंबर म्हणजे ३ मिमी, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे साधारण १० आणि चार म्हणजे १३. मग फेड कुठून सुरू व्हायचा ते बोटानं दाखव : कानाच्या किंचित वर तो लो, कानशिलापाशी मिड, त्याच्याही वर हाय. ‘बाजूला एक ते तीन, लो, वर दोन इंच’ एवढं वाक्य पुरे. डोक्यावर दोन भोवरे असतील तर तिथं दीड-दोन इंच राखायला सांग, कमी केलं की केस उभे राहतात. फेड दोन-तीन आठवड्यांतच पुसट होतो. पात्याची पुडी तुझ्यासमोर फोडायला सांग. जुन्या पात्यातून बी आणि सी प्रकारची कावीळ पसरते, इथं भीड धरू नये.

मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढी चाई पडली आहे. गावात बिब्बा लावा म्हणतात. — पालक, येळ्ळूर

बिब्बा मुळीच नको. तो कातडी भाजतो, फोड येतात आणि व्रण पडला तर त्या जागी केस कायमचे येत नाहीत. चट्टा गुळगुळीत, खपली नसलेला असेल तर ती चाई. ती संसर्गजन्य नसते, लहान चट्टा अनेकदा काही महिन्यांत आपोआप भरतो, पहिले केस पांढरे आले तरी चालतात. कोंड्यासारखे पापुद्रे, खाज आणि मुळाशी तुटलेले केस असतील तर तो बुरशीचा नायटा. तो पसरतो, वरच्या मलमानं जात नाही, पोटातून औषध लागतं. दोन्हींसाठी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नायटा निघाला तर मुलाचा कंगवा, टॉवेल, टोपी वेगळी ठेवा आणि भावंडांचीही डोकी तपासून घ्या.