पुढारपण रक्तातच असावं लागते काय?

प्रश्न: ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातली, बचत गटाचा हिशोब लिहायची. या वेळी सरपंचपद बायांसाठी राखीव निघालं अन् गटातल्या बायांनी मलेच उभं केलं, निवडून बी आली. आता घरचे म्हणतात तू फक्त सही कर, बाकीचं आम्ही पाहू, पुढारपण रक्तात असावं लागते. माइक हातात आला की घसा कोरडा पडते. खरंच माह्यात ते नसन काय?

उत्तर: बाई, आवाज मोठा असणं, धिटाई असणं हे थोडंफार जन्माचं असते, मान्य. पण पुढाऱ्याचा पोरगा जन्मतःच नेता वाटतो ना, तो लहानपणापासून ओसरीवर बसून गावचे तंटे, हिशोब, टेंडरच्या गोष्टी ऐकत आलेला असतो, अन् तुले त्या बैठकीत चहा देण्यापुरतंच बोलावलं. पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा 1993 पासून, महाराष्ट्रात निम्म्या 2011 पासून, त्याआधी शिकायला जागाच कुठं होती?

आपल्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा पाहा. परटाच्या घरचे, शाळा नाही, मामाकडे गुरं राखत वाढले. 1905 मध्ये घर सोडलं, गावोगाव झाडू मारला, अन् कीर्तनात तर लोकांनाच प्रश्न विचारायचे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचंही तसंच, तिथं अभ्यास गट बसतो, कायदा वाचतात, चर्चा करतात, निर्णय सर्वांच्या सहमतीनं होतो, अन् या गावानं 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. हे सगळं बसून शिकलेलं आहे बाई, मला यात काडीचीही शंका नाही.

अन् हिशोब तर तुले येतोच, तिथूनच सुरू कर. पंचायतीच्या चेकवर तुझी अन् ग्रामसेवकाची (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), दोघांची सही लागते, म्हणून पासबुक अन् रोकडवही मागून घे, समजलं नाही तर तिथंच विचार, लाजू नको. माइकचं म्हणशील तर मुख्य ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा असते, तिथं आपल्याच बाया असतात, पहिलं तिथं बोल. मोठं भाषण नको, रस्त्याचं काय झालं, नळाचं काय झालं, खर्च किती, एवढंच सांग. घरच्यांशी भांडू नको पण स्पष्ट सांग की वाचल्याशिवाय मी सही करणार नाही, अन् सभेत सरपंचाच्या खुर्चीवर मीच बसणार. मासिक सभेची नोटीस आली की गटातल्या दोघीतिघींना बोलावून विषय आधीच वाचून काढा.