संगीतात एमए करतोय. लघुप्रबंध इतिहासाच्या प्रकरणांपासून सुरू करावा का? आणि पानं किती हवीत?

नाही. इतिहासापासून सुरू करू नका. मी तसं केलं आणि त्यात माझे चार महिने गेले.

माझा विषय होता दरबारी रागातल्या गंधाराचं आंदोलन, म्हणजे ग या स्वराचं झुलणं. गायक अमीर खाँसाहेबांच्या दरबारीतला चाळीस सेकंदांचा तुकडा घेऊन मी बसले. पहिल्या दिवशी ग म रे सा असं लिहून मोकळी झाले. मग तोच तुकडा निम्म्या वेगाने ऐकला, तेव्हा कळलं की गंधार एका जागी थांबतच नाही, झुलत झुलत रिषभाकडे ओढला जातो. भातखंडे लिपीत, म्हणजे स्वर कागदावर लिहायच्या भातखंडे पद्धतीत, ग खाली आडवी रेघ दिली की तो कोमल, म्हणजे उतरलेला, झाला. पण दरबारीचा, भीमपलासीचा आणि तोडीचा गंधार त्या एकाच रेघेखाली बसतात! ज्याला तो राग गाता येतो त्याला ती रेघ पुरते, कारण बाकीचं त्याच्या गळ्यात असतं. मला तर नेमकं ते बाकीचं लिहायचं होतं. अकरा दिवसांत त्या चाळीस सेकंदांच्या तीन लिप्या झाल्या.

त्या घेऊन मार्गदर्शक सरांकडे गेले. सर म्हणाले, "हे परिशिष्टात टाक. आधी सामवेदापासून ये." मी वाद घातला, पण सही त्यांची लागणार होती. सामवेद, नाट्यशास्त्र, संगीतरत्नाकर, बावीस श्रुती (सप्तकातली सूक्ष्म स्वरस्थानं) अशी बासष्ट पानं लिहिली. त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. आधीच्या पाच प्रबंधांत तेच होतं, त्याच क्रमाने.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी ती बासष्ट पानं उलटली आणि थेट परिशिष्ट उघडलं. म्हणाल्या, "हे गाऊन दाखवा." मी गायले. "आता तुम्ही जे गायलात ते या कागदावर कुठे आहे, ते सांगा." पुढचा अर्धा तास आम्ही दोघी फक्त त्यावर बोललो. संगीतशास्त्रज्ञ चार्ल्स सीगर यांनी १९५८ मध्ये केलेला भेद मला तिथे उपयोगी पडला: कसं गावं हे सांगणारी लिपी वेगळी आणि जे गायलं गेलं त्याची नोंद करणारी वेगळी. सर शेजारी गप्प बसून होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "इतिहासाचा पाया होता म्हणून निभावलं." हे मला आजही मान्य नाही. त्या पायावर एकही प्रश्न आला नव्हता.

म्हणून तुम्हाला सांगते, एक तुकडा घ्या, एका मिनिटापेक्षा लहान, आणि स्वतःच्या हाताने लिहा. जिथे लिपी अडेल तिथे तुमचा विषय आहे. ग्रंथांकडे त्यानंतर जा, आणि जेवढा त्या अडचणीला लागेल तेवढाच इतिहास घ्या. सॉफ्टवेअरवर आलेख जरूर काढा, पण आंदोलित स्वराची सरासरी काढून तिला श्रुतीचं नाव देऊ नका. ती सरासरी कोणी गायलेली नसते. जयराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी १९६३ मध्येच मोजून दाखवलं होतं की प्रत्यक्ष वादनात एकच स्वर थोडा वरखाली होत राहतो.

जुन्या तबकड्या घेणार असाल तर पट्टी (गायकाचा सा कुठे आहे ते) आणि लय यांबद्दल ठाम विधान करू नका. ७८ फेऱ्यांची तबकडी ८२ ने फिरली की काळी एकचा गायक जवळजवळ पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीवरच्या पुढच्याच पट्टीत, ऐकू येतो, लयही चढते. षड्जापासूनची (सा पासूनची) अंतरं मात्र तशीच राहतात, तेवढीच मोजा.

पानांचं विद्यापीठाच्या नियमात बघा. माझी एकशे चाळीस झाली, त्यातली कामाची अडतीस.

एक राहिलं. तुमचा विषयच ग्रंथांचा असेल, समजा संगीतरत्नाकरातला एखादा अध्याय, तर वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. आणि मार्गदर्शक फारच हटून बसले तर इतिहास लिहा, पण लिप्या परिशिष्टात जाऊ देऊ नका. दुसऱ्या प्रकरणात घाला.

कोणता राग घेताय? दरबारी असेल तर माझ्या तिन्ही लिप्या पाठवते.