नेटवर्किंगमध्ये इंग्रजीत दोन वाक्यं झाली की बोलणं थांबतं, ते पुढे कसं न्यायचं?

तुम्ही लिहिलंय की नाव, कंपनी, कार्ड इथपर्यंत नीट जातं आणि मग दोघंही मोबाईल काढतात. शब्द वाढवा, आरशासमोर बोला, इंग्रजी बातम्या ऐका, हे सगळं मला माझ्या दाजींनी सांगून झालंय. माझं स्पष्ट मत आहे की बोलणं थांबण्याचा आणि इंग्रजी कच्चं असण्याचा फार थोडा संबंध आहे. बोलणं थांबतं कारण आपल्याला समोरच्या माणसाकडून काही जाणूनच घ्यायचं नसतं, आपण फक्त पुढचं वाक्य जुळवत उभे असतो.

मी अमळनेर तालुक्यातला, बारावीपर्यंत मराठी माध्यम, जळगावच्या एका डाळ मिलमध्ये तुरीची खरेदी बघतो. 2016 च्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ताई-दाजी घरी आलेले. मी पुण्याच्या एका व्यापारी मेळाव्याला जाऊन आलो होतो ते सगळ्यांना सांगत होतो, तर दाजी (पुण्यात आयटीत आहेत) भर पंगतीत म्हणाले, "तुझं ते अहिराणी वळणाचं इंग्रजी ऐकून माणूस दोन मिनिटांत निघून जात असेल, आधी अॅक्सेंट सुधार." ताटातली सांजोरी तशीच राहिली माझी. आमच्याकडे दाजींना कुणी उलट बोलत नाही, मीही बोललो नाही. जळगावात क्लास लावला. तिथे पन्नास वाक्यं पाठ करून घेतली, नाइस टू मीट यू, हाऊ इज बिझनेस वगैरे. अडचण अशी की हाऊ इज बिझनेस म्हटलं की समोरचा गुड म्हणतो. झालं, संपलं.

मग 2023 च्या फेब्रुवारीत शेठनी मला दुबईच्या गल्फूड या खाद्यमालाच्या प्रदर्शनाला नेलं. पहिल्या दिवशी वीसेक कार्डं गोळा केली, एकही माणूस लक्षात राहिला नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलाशी टांझानियाचे एक व्यापारी भेटले, पन्नाशीचे असतील. नाव झालं, कंपनी झाली, पिजन पी म्हणजे तूर झालं आणि शांतता. मी सहज विचारलं, टांझानियात कुठले? म्हणाले, बाबाती, निअर अरुशा. आता आमच्या बाजारात आफ्रिकेच्या तुरीला नावंच तशी आहेत, अरुशा, मटवारा, मोझांबिकची गजरी. मी म्हटलं, "अरुशा? सर, इन जळगाव एव्हरी मॉर्निंग वुई आस्क, अरुशा रेट व्हॉट?" वाक्य चुकलेलंच होतं. पण ते व्यापारी कप ठेवून माझ्याकडे बघत राहिले, त्यांच्या गावाशेजारचं नाव इतक्या लांब रोज सकाळी घेतलं जातं हे त्यांना माहीतच नव्हतं.

तिथून पाऊण तास बोलणं झालं. ते मक्यात तूर लावतात, आम्ही कपाशीत तुरीचे तास (ओळी) घेतो. त्यांचा माल ऑगस्ट-सप्टेंबरात निघतो, आपला डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे आपली तूर बाजारात संपत येते तेव्हा त्यांची बोटीत असते. ते तूर नारळाच्या दुधात शिजवून खातात, मी त्यांना वरण-बट्टी समजावली, हातवारे करून समजावली, बट्टीला इंग्रजी शब्द मला आजही माहीत नाही.

आणि मग ते म्हणाले, 2017 वॉज व्हेरी बॅड. मी फक्त तेच शब्द परत म्हटले, "व्हेरी बॅड?" आणि थांबलो. त्यांनी सांगितलं की त्या ऑगस्टमध्ये भारताने तुरीची आयात वर्षाला दोन लाख टनांवर बांधली आणि नेमका तेव्हाच त्यांचा माल निघाला होता, गोदामं भरली, भाव कोसळला, शेतकरी दारात यायचे. मी ऐकत होतो आणि मला आमचे बापू (वडील) दिसत होते, कारण त्याच 2017 च्या उन्हाळ्यात बापू क्विंटलला 5,050 रुपयांच्या हमीभावासाठी खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टर लावून चार रात्री ताडपत्रीखाली झोपले होते, बारदान (रिकामी पोती) नाही म्हणून माप होत नव्हतं, आणि बाहेर व्यापारी बराच खाली भाव सांगत होता. हे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, माय फादर फोर नाइट्स रोड स्लीप, असंच काहीतरी. त्यांना सगळं कळलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

हे मला कुठल्याही क्लासने शिकवलं नव्हतं, हे बापूंचं आहे. बाजार समितीत अनोळखी माणूस शेजारी बसला की बापू सुरू करायचे, "औंदा पानी कसं शे तुमनाकडे?" (यंदा पाऊस कसा आहे तुमच्याकडे?) आणि मग नुसता हुंकारा. माणूस आपणहून बोलत जायचा. इंग्रजीतही हुंकारा असतोच, ओह, रियली, देन? किंवा त्याचाच शेवटचा शब्द परत म्हणायचा. इज-आर-डू ने सुरू होणारा प्रश्न टाळा, त्याचं उत्तर येस नाहीतर नो येतं. हाऊ, व्हेन, व्हिच सीझन असं विचारा. आणि स्वतःच्या गावाचं नाव सांगायला लाजू नका. मी अमळनेर सांगतो, 1945 साली विप्रो इथेच तेलाची गिरणी म्हणून सुरू झाली हे सांगतो, मग बंगळूरचा माणूस दोन प्रश्न तरी विचारतोच.

दाजी, हे वाचत असाल तर, अॅक्सेंट तोच आहे, आणि बाबातीचे ते व्यापारी आजही मला पिकाचे फोटो पाठवतात.

आता हेही सांगतो, भाव, वजन, पेमेंट याला मोडकं इंग्रजी चालत नाही, फिफ्टीन आणि फिफ्टी मध्ये लाखोंचा फरक पडतो, ते तिथल्या तिथे आकड्यात लिहून दाखवा आणि रात्री मेल टाका. दुसरं, आपल्याकडे पहिल्या भेटीत लग्न झालं का, पगार किती हे विचारतात, ते तिकडे अजिबात नको. आयटीच्या लोकांत हे कितपत चालेल ते तिथलेच सांगतील, मी मालाच्या धंद्यातला माणूस आहे.

तुमचा धंदा कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. सांगा, त्या मालाबद्दल परक्या माणसाला काय काय विचारता येईल ते बसून लिहून देतो.